ब्रुनोला बाजारात न्यावे का?

ताई,
आम्ही छत्रपती संभाजीनगरला राहतो. माझे सासर उदगीर तालुक्यातील एका बाजाराच्या गावी आहे. आमच्याकडे तीन वर्षांचा लॅब्राडोर आहे, ब्रुनो. दिवाळीत आम्ही त्याला पहिल्यांदाच गावी नेले. बाजाराच्या दिवशी माझा बारा वर्षांचा मुलगा हट्टाने त्याला घेऊन आजोबांबरोबर बाजारात गेला. शेळ्या दिसताच ब्रुनोने झेप घेतली, एक शेळी दावे तोडून पळाली आणि भाजी विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईच्या टोमॅटोंच्या वाट्यांवरून गेली. शेळी सापडली, कोणाला इजा झाली नाही. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्या बाईला पैसे देऊ केले, पण तिने घेतले नाहीत. तेव्हापासून मामा म्हणतात, "कुत्र्याने बाजारात माझी पत घालवली, पुन्हा त्याला आणू नका." माझे यजमान म्हणतात, "ब्रुनो नाही तर आम्हीही येणार नाही." मार्गशीर्षात सर्वांनी माळेगावच्या यात्रेला जायचे ठरले होते. तिथे कुत्र्यांचे प्रदर्शन असते, म्हणून मुलगा ब्रुनोला नेण्यासाठी हटून बसला आहे. मी कोणाची समजूत काढू?
— क. प.

प्रिय क. प.,

तुमच्या पत्रातील एका वाक्यावर मी बराच वेळ थांबले : त्या बाईने पैसे घेतले नाहीत. मामांना झोंबले आहे ते हेच, असे मला वाटते. तिने पैसे घेतले असते, वर चार शब्द सुनावले असते, तर हिशोब तिथल्या तिथे मिटला असता आणि संध्याकाळी पारावर थोडी चेष्टा होऊन विषय संपला असता. तिने मोठ्या मनाने "राहू द्या" म्हटल्यामुळे मामा तिचे मिंधे झाले, आणि ज्या बाजारात त्यांना दर आठवड्याला चार ओळखीच्या माणसांत उभे राहायचे असते तिथे हे मिंधेपण बाळगणे त्यांच्या वयाच्या माणसाला जड जाते. तुमच्या मुलाला ती सुटीतील एक गमतीची सकाळ वाटली असेल, पण त्या जागेवर उभ्या असलेल्या बहुतेक माणसांचे आठवड्याचे पोट तेथे भरत होते.

तुमचे सासर ज्या भागात आहे तिथला बाजार मुळातच जनावरांचा आहे. हाळी-हंडरगुळीचा बाजार तर जिल्ह्याबाहेरही प्रसिद्ध आहे. देवणी किंवा लाल कंधारी जातीची बैलजोडी विकायला आणणारा शेतकरी ती किती दिवस जपून आणतो, हे मामांना विचारा, ते तासभर सांगतील. घेणारा माणूस आधी जबडा उघडून दात पाहतो, जनावर दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेले (सगळे दात आलेले) आहे यावरून वय ठरवतो, मग त्याला चालवून खुरांवर आणि खांद्यावर नजर टाकतो, आणि ते बुजते का याकडे त्याचे विशेष लक्ष असते. रुमालाखाली बोटे दाबून सौदा ऐन रंगात आला असताना शेजारी एखादा परका कुत्रा भुंकला आणि बैलाने कासऱ्याला हिसका दिला, तर घेणारा "बुजरा आहे" एवढेच म्हणून हात काढून घेतो. त्या शेतकऱ्याचे किती नुकसान झाले, हे कुत्र्याच्या मालकाच्या खिजगणतीतही नसते. शेळ्यांचे तर याहून नाजूक असते, कारण बाजारात आलेल्या उस्मानाबादी शेळ्यांपैकी एखादी गाभण असते, आणि ती धावताना आपटली तर गाभडण्याची भीती असते. तुमच्या प्रसंगात टोमॅटोवर निभावले, हे नशीबच म्हणायचे.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे. ब्रुनोला गावी अवश्य न्या, पण भरल्या बाजारात नेऊ नका. मामांनी या दोन गोष्टी रागाच्या भरात एकत्र केल्या आहेत आणि तुमच्या यजमानांनीही त्या तशाच एकत्र ठेवून उलट अट घातली आहे. त्या वेगळ्या केल्या की निम्मा गुंता सुटतो.

उरलेला निम्मा त्या भाजीवाल्या बाईंकडे आहे. पुढच्या वेळी गावी गेलात की बाजाराच्या दिवशी मुलाला घेऊन, कुत्रा घरी ठेवून, तुम्ही स्वतः त्यांच्या पालापाशी जा. पैसे पुन्हा पुढे करू नका, ते त्यांनी एकदा नाकारले आहेत. आठवड्याची भाजी त्यांच्याकडूनच घ्या, भावात घासाघीस करू नका, आणि मुलाला त्याच्या तोंडाने म्हणू द्या की आजी, माझ्या कुत्र्यामुळे तुमचे टोमॅटो गेले. बारा वर्षांच्या मुलाला एवढे जमते. ज्याची शेळी सुटली होती त्या माणसालाही दोन शब्द विचारा, कारण शेळी सापडेपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागला असणार आणि त्याच्याबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षरही नाही. मामा बरोबर असतील तर उत्तमच, पण त्यांना मुद्दाम साक्षीला उभे करू नका. बाजारात गोष्ट पोहोचायला वेळ लागत नाही, ती त्यांच्या कानावर आपोआप जाईल.

आता ब्रुनोविषयी. त्याने जे केले त्यात दुष्टपणा नव्हता. शहरातील सदनिकेत वाढलेल्या कुत्र्याने एकाच वेळी इतक्या शेळ्या, इतके वास, वजनकाट्यांचा खणखणाट आणि कर्ण्यावरून ओरडणारा औषधवाला हे काही पाहिलेले नव्हते. झेप घेण्यापूर्वी त्याने सांगितलेही असणार : जांभया देणे, वारंवार ओठ चाटणे, शेपूट पोटाखाली घेणे, कान मागे टाकणे, किंवा अंग ताठ करून एकाच दिशेला टक लावणे. जांभई पाहून आपण कुत्रा कंटाळला असे समजतो, पण गर्दीत ती बहुधा अस्वस्थतेची खूण असते. या खुणा मुलाला शिकवा. त्या दिसल्या की ओरडायचे नाही आणि साखळी ओढून धरायची नाही, कारण ताणलेल्या साखळीने कुत्रा अधिकच पुढे रेटतो. शांतपणे वळून लांब जायचे. आणि हेही लिहून ठेवते की पूर्ण वाढलेला लॅब्राडोर पंचवीस-तीस किलोंच्या पुढे असतो. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती त्याला गर्दीत देणे ही चूक मुलाची नव्हती, घरातील मोठ्यांची होती. माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असताना आपल्या ताब्यातील जनावराबाबत पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा आहे आणि त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या गडबडीत एखादे मूल बैलाच्या पायाखाली गेले असते तर काय झाले असते, याचा विचार यजमानांनी जरूर करावा.

त्याला गावाची सवय लावायची असेल तर बाजार नसलेल्या दिवशी सकाळी रिकाम्या बाजारतळावर फिरवा. तिथे शेणाचे, दाव्यांचे, गवताचे वास असतात, जनावरे मात्र नसतात. ते अंगवळणी पडल्यावर शेतातील दोन शेळ्या त्याला इतक्या दुरून दाखवा की तो पाहील पण ओढणार नाही, आणि तो शांत बसला की त्याला आवडीचा घास द्या. अंतर हळूहळू कमी करा. याला काही महिने लागतात आणि काही कुत्र्यांना शेळीचा मोह कधीच सुटत नाही. तसे असेल तर ते मान्य करावे.

गावात ब्रुनोला खरा धोका शेळ्यांपेक्षा तिथल्या कुत्र्यांचा आहे. मटणाच्या दुकानांमागे त्यांचे टोळके असते, ती जागा त्यांची असते, आणि साखळीने बांधलेला परका कुत्रा त्यांना आयता सापडतो. तो रस्ताच टाळा. रेबीजची लस दरवर्षी न चुकता द्यावी लागते, आणि नोंदवही प्रवासात जवळ ठेवावी. लस झालेली असली तरी भांडणात तो चावला गेला तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा, कारण त्याला पुन्हा लस द्यावी लागते. माणसाला कुत्रा चावला किंवा ओरखडला, मग तो घरचा का असेना, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि थेट सरकारी दवाखाना गाठावा. तिथे लस मोफत मिळते. जखमेवर हळद, चुना किंवा मिरचीपूड लावण्याचा सल्ला गावात हमखास मिळेल, तो नम्रपणे ऐकून सोडून द्यावा. शेतातून आल्यावर कान, काखा आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहायला विसरू नका.

उन्हाळ्यात मात्र त्याला नेऊच नका, असे मी म्हणेन. मराठवाड्यातील एप्रिल-मेचे ऊन माणसाला सोसत नाही, तिथे दाट केसांच्या, मुख्यतः धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकणाऱ्या प्राण्याचे काय होणार? बंद गाडीत त्याला "पाचच मिनिटे" ठेवणेही जिवावर बेतू शकते.

माळेगावच्या यात्रेचे उत्तर मुलाला आवडणार नाही. लोहा तालुक्यातील ही खंडोबाची यात्रा घोडे, गाढवे, उंट आणि लोटलेल्या माणसांची आहे. तिथल्या श्वान प्रदर्शनात कुत्री येतात हे खरे, पण ती आणणारे लोक त्यांना अशा गर्दीची सवय आधीपासून लावतात. जी गर्दी ब्रुनोला एका आठवडी बाजारात झेपली नाही, तिच्या कितीतरी पटींनी मोठ्या गर्दीत, ढोल आणि हलगीच्या कल्लोळात, त्याला या वर्षी उभे करणे हा त्याच्यावर अन्याय होईल. मुलाला प्रदर्शन दाखवा. आपल्या मातीतील कारवान आणि पश्मी जातीची कुत्री तिथे पाहायला मिळाली तर त्यांच्या मालकांशी त्याला बोलू द्या, कुत्र्याला माणसांत कसे वाढवले हे त्यांच्याकडून कळेल. तेवढे दिवस ब्रुनोसाठी घरी ओळखीचे कोणी असेल याची सोय आधी करा. आणि मामांना कुत्र्यांचा तिटकारा आहे, असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. ज्या दैवताच्या दर्शनाला ते निघाले आहेत त्याच्या परिवारात घोड्याबरोबर कुत्राही आहे, हे ते तुमच्यापेक्षा चांगले जाणतात.

राहिले तुमचे यजमान. "ब्रुनो नाही तर आम्हीही नाही" या वाक्यात त्यांनी वडिलांना नातू आणि कुत्रा एकाच पारड्यात घालून दाखवला आहे, आणि ते वाक्य वडिलांना टोमॅटोच्या प्रसंगापेक्षा जास्त लागले असणार. ते मागे घेण्याचे काम तुमचे नाही. सून मध्ये पडून दोघांची समजूत काढते, दोघेही तिच्यावरच रुसतात, आणि बापलेकांचे बोलणे बंद ते बंदच राहते, असे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. यजमानांना एवढेच सांगा की ब्रुनो अंगणात आणि शेतात राहील, बाजारात जाणार नाही, आणि हे मामांना कळवायचे आहे. फोन त्यांनीच करावा. मामांनी लगेच होकार दिला नाही तरी त्यांनी चिडून फोन ठेवू नये, आठवडा जाऊ द्यावा आणि पुन्हा करावा.

तुमची,
ताई