एका संध्याकाळीत खोली मोकळी झाली

पत्र (थोडं छोटं करून देतेय):

"मावशी, मी कोल्हापुरातल्या एका पेठेतली. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला. गल्लीतली पोरं आधी नुसतं क्रिकेट खेळायची, मग शेजारच्या गल्लीतल्यांनी रंकाळ्यावर यातल्या एकाला मारलं आणि तिथनं सगळं सुरू झालं. आता ग्रुपला नाव हाय, टी-शर्ट हाय, गेल्या दिवाळीपासनं एक सव्वीस वर्षांचा भाई हाय, चौकात तलवारीनं केक कापतात, स्टेटस ठेवतात. मागच्या महिन्यात राडा झाला, समोरच्या पोराला सीपीआर दवाखान्यात अकरा टाके पडले. आमचा म्हणतो मी नुसता मागं उभा होतो, आणि अठरा पूर्ण न्हाईत तवर मला काय होत न्हाई. तशी पोरं वाईट न्हाईत, दोन वर्षांमागं आमचा भाडेकरू पोरांची शाळा संपूदे म्हणून खोली सोडत नव्हता तवा यांनीच एका संध्याकाळीत खोली मोकळी करून दिली, मालकांनी, म्हणजे पोराच्या वडलांनी, चहापाण्याला पाच हजार दिले. तो भाडेकरू आता उचगावला असतो. मालक पोराला काय बोलत न्हाईत, विषय निघाला की ताट सरकवून उठतात. त्या भाईच्या नादातनं पोरगं कसं सोडवू? पुण्याला नणंदेकडं पाठवू का? माजी नगरसेवकांना भेटू का?"

ताई,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा भाडेकरूच्या ओळीवर अडकले. तुम्ही ती पोरं चांगली आहेत हे सांगायला लिहिली आणि लगेच पुढं गेलात, मला काही पुढं जाता आलं नाही.

तुमच्याच तारखा जुळवून बघा. भाई आला गेल्या दिवाळीत. खोली मोकळी झाली दोन वर्षांमागं. म्हणजे भाईच्या आधी काम आलं, आणि ते काम तुमच्या घरातनं गेलं.

"मोकळी करून दिली" म्हणजे काय झालं ते तुम्ही लिहिलं नाही पण एका संध्याकाळीत चौघांचा संसार बाहेर कसा येतो हे काय मला कळत नाही का, पाच-सात पोरं दारात, एकजण आवाज चढवतोय, एकानं गादी गुंडाळली, शेगडी पायरीवर, पोरांची दप्तरं शेगडीवर, आणि ती दोन बारकी पोरं आईच्या पदराला धरून हे सगळं बघतायत. तुम्ही तेव्हा कुठं होता? आणि तुमचा मुलगा? पंधरा वर्षांचा होता तो. जिन्यात उभा राहून बघत असेल नाहीतर सामान उचलत असेल, दोन्हीत मला फारसा फरक वाटत नाही, कारण शेवटी त्यानं बघितलं ते हे की बापानं खिशातनं पाच हजार काढले, पोरांच्या हातात ठेवले आणि पाठीवर थाप मारली. बारक्या वयात ज्या गोष्टीला बाप शाबासकी देतो ती गोष्ट पोराला चूक कशी वाटेल सांगा की.

मी शाळेत तीस वर्षं शिकवलंय आणि अशी पोरं घडताना बघितलीत. फ्रेडरिक थ्रॅशर नावाच्या एका समाजशास्त्रज्ञानं शिकागो शहरातल्या १,३१३ टोळ्यांचा अभ्यास करून १९२७ साली छापला होता, त्याचं म्हणणं हे की टोळी आधी खेळणाऱ्या पोरांचाच घोळका असते, आपोआप जमलेला, आणि बाहेरच्याशी भांडण झालं की ती घट्ट होते. तुमच्या पत्राची सुरुवात तीच आहे, क्रिकेट आणि मग रंकाळ्यावरची मारामारी. पण नुसत्या भांडणानं एवढं होत नाही हो. पेठेत वाढलेल्या कुठल्या पोरानं शेजारच्या गल्लीशी खुन्नस धरली नाही? दोन-चार वर्षांत कुणी एमआयडीसीत कामाला लागतो, कुणाचं लग्न ठरतं, सगळं विरघळून जातं. जिथं विरघळत नाही तिथं बघा, मधी कुणीतरी मोठ्या माणसानं पैसे दिलेले असतात.

तुमची खोली रिकामी झाली ही गोष्ट गल्लीत किती दिवसांत पसरली असेल? मग कुणाची उधारी अडकलेली, कुणाला प्लॉटला तारेचं कंपाउंड रातोरात घालायचं, कुणी हातउसने व्याजानं दिलेले, कुणाला रॅलीला गाड्या आणि घोषणा द्यायला पोरं हवीत. प्रत्येकजण चहापाण्याला देतो आणि आपण कुठं गुंडगिरी केली असं स्वतःला सांगतो. अशी कामं वाढली की रेट ठरवायला, पैसे वाटायला आणि पोलीस स्टेशनला जाऊन पोरं सोडवायला एक माणूस लागतो. तो म्हणजे तुमचा सव्वीस वर्षांचा भाई. त्याला तयार धंदा मिळाला.

आणि "कोल्हापूरचं पाणीच तसं, पोरं रगेल असायचीच" असं कुणी म्हणालं की माझं डोकं सरकतं. याच गावात शाहू महाराजांनी कुस्तीला आसरा दिला, १९१२ ला खासबागचं मैदान उभं राहिलं, पेठेपेठेत तालमी चालल्या, त्याच तालमींच्या नावानं आज शाहू स्टेडियमवर फुटबॉल चालतो आणि मॅच असली की अख्खी गल्ली गॅलरीत जाऊन बसते. रग तिथंही आहे, ईर्षा तर लय आहे. पण तालमीत वस्ताद असतो. अंगात मस्ती घेऊन आलेल्या पोराला तो जोर-बैठका मारायला लावून घाम काढतो, आणि बाहेर कुणा गरिबावर हात टाकल्याचं कानावर आलं तर आखाड्यात पाय ठेवू देत नाही. तुमच्या गल्लीतल्या पोरांना अडवणारं मोठं माणूस पाहिजे होतं, त्यांना भेटलं ते गिऱ्हाईक म्हणून.

भाडेकरूचा करार संपला असेल, मान्य. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याच्या कलम २४ खाली मुदत संपलेल्या लिव्ह अँड लायसन्सवाल्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करून काढता येतं, वरच्या दिवसांचं दुप्पट भाडंही मागता येतं. वेळ लागला असता. शाळा संपायला लागणार होता त्यापेक्षा फार जास्त लागला नसता कदाचित, आणि शाळेसाठी थांबा म्हणणाऱ्या माणसाला दोन-चार महिने दिले असते तर काय बिघडत होतं?

आता पोरगं जे दोन डायलॉग मारतंय ते खोडून काढा, कारण हे त्याला भाईनं पढवलेलं आहे. "मागं उभा होतो" म्हणून सुटका नाही. १ जुलै २०२४ पासनं भारतीय न्याय संहिता आहे, तिच्या कलम १८९ प्रमाणं पाच किंवा जास्त जणं गुन्ह्याच्या इराद्यानं जमली की तो बेकायदा जमाव, आणि कलम १९० सांगतं की जमावाच्या समान उद्देशासाठी एकानं केलेला गुन्हा जमावात असलेल्या प्रत्येकाचा. वार कुणी केला हे तिथं बघत नाहीत. आणि "अठरा पूर्ण नाहीत" हे अर्धंच खरं आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सोळा ते अठराच्या मुलानं खुनासारखा, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षा असलेला गुन्हा केला तर बाल न्याय मंडळ त्याची तपासणी करून प्रौढ म्हणून खटला चालवायला पाठवू शकतं. बारकी पोरं पुढं का घालतात ते त्याला तुम्ही समजावून सांगा, भाई सांगणार नाही. आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५५ खाली अख्खी टोळी दोन वर्षांपर्यंत हद्दपार होऊ शकते, तेव्हा बारावीचं सर्टिफिकेट घेऊन हे पोरगं कुठल्या जिल्ह्यात फिरणार?

पुण्याला पाठवू नका. पुण्यात काय गल्ल्या नाहीत? माजी नगरसेवकांकडं तर अजिबात जाऊ नका, उद्या इलेक्शनला हीच पोरं त्यांच्या फ्लेक्सवर दिसतील आणि तुमच्या पोराला सोडवल्याचं ओझं तुमच्या डोक्यावर राहील.

तुमच्या मालकांचं मात्र मला वाईट वाटतं, तुमच्यापेक्षा जास्त. ते ताट सरकवून उठतात कारण त्यांना माहिती आहे की तोंड उघडलं तर पोरगं एकच वाक्य बोलेल, "तवा चाललं की तुम्हाला." आणि त्यावर बापाकडं उत्तर नाही. तुम्ही त्या गप्पपणाला दुर्लक्ष समजताय. ती लाज आहे ताई, आणि त्या घरात सध्या एवढी एकच गोष्ट तुमच्या कामाची आहे.

म्हणून एकच करा. मालकांना आणि मुलाला घेऊन उचगावला जा. त्या माणसाला पोरासमोर हात जोडून म्हणायचं की आमचं चुकलं, मी पैसे देऊन तुमचा संसार रस्त्यावर काढला. हे वाक्य मालकांनी बोलायचं, तुम्ही नाही, आणि "पोरांनी जरा जास्तच केलं" असली पळवाट नको. डिपॉझिट परत दिलं का ते तुम्ही पत्रात लिहिलं नाही, दिलं नसेल तर पूर्ण रक्कम बरोबर न्या, त्या दिवशी काही तुटलं-फुटलं असेल तर तेही विचारून भरून द्या. तो माणूस शिव्या घालेल, कदाचित दार लावून घेईल. लावू दे. पोराला ते दार लागलेलं बघू दे, बाप मान खाली घालून उभा असलेला बघू दे. मग घरी येऊन बाप जेव्हा म्हणेल की उद्यापासनं त्या कट्ट्यावर बसायचं नाही, तेव्हा पोराला ते "तवा चाललं की" तोंडातनं काढता येणार नाही. तो लगेच सुधारेल असं मी म्हणत नाही, पण बापाला आवाज परत मिळेल, आणि त्या आवाजाशिवाय तुम्ही एकट्या सव्वीस वर्षांच्या भाईशी काय भांडणार आहात?

मुलगा यायला नको म्हणेल. मालकांनी गाडी काढायची आणि दारात थांबायचं, तो बसेपर्यंत. तासभर लागला तरी.

आणि सकाळी जा. रविवारी दहाच्या आसपास. संध्याकाळी त्या घराच्या दारात चार माणसं उभी राहिली तर त्यांची पोरं अजून दचकत असतील.

— मावशी