पडद्यावरचे पांढरे ठिपके

प्रश्न : आमच्या चाळीतल्या गणपतीत लावतो त्या प्रोजेक्टरच्या चित्रावर यंदा पाच-सहा पांढरे ठिपके दिसताहेत. घरच्या एलईडी टीव्हीवरही गोल पांढुरके डाग आलेत. दोन्हींचं कारण एकच का?
— एक वाचक, परळ

उत्तर : नाही, दोन्ही दुखणी वेगळी. लॅमिंग्टन रोडवर 22 वर्षं दुरुस्ती करतोय, दोन्ही रोज हातात येतात.

आधी प्रोजेक्टरवर पूर्ण काळं चित्र लावा आणि फोकसची रिंग हळूहळू फिरवा. ठिपके टाचणीच्या टोकाएवढे असतील आणि चित्राबरोबरच धूसर होत असतील, तर मशीन डीएलपी आहे, म्हणजे चिपवरच्या सूक्ष्म आरशांनी चित्र पाडणारं, आणि त्यातले काही आरसे अडकलेत. ते पुसून जात नाहीत, चिपच बदलावी लागते. बदलायच्या आधी मशीनचं वय बघा. डाग मोठे, धूसर, हिरवट-निळसर असतील तर मशीन एलसीडी आहे, म्हणजे आतल्या छोट्या काचांमधून उजेड सोडून चित्र पाडणारं, आणि त्या काचेवर धूळ बसलीय. गुलाल-धुपाच्या दिवसांत हे हमखास होतं. सफाईने बरं होतं, पण कारागिराकडूनच करून घ्या. आणि उत्सव संपल्यावर एअर फिल्टर झटकायला विसरू नका, कळकळीने सांगतो.

टीव्हीचं सोपं आहे. पडद्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात, प्रत्येक दिव्यावर हरभऱ्याएवढी पारदर्शक टोपी, म्हणजे लेन्स, चिकटवलेली असते. उष्णतेने गोंद सुटतो, लेन्स खाली पडते आणि उजेड एकाच जागी साचतो. लेन्स पुन्हा चिकटवली की डाग गेला. पॅनेल, म्हणजे अख्खा पडदाच, बदला म्हणणाऱ्याला लगेच हो म्हणू नका. घरी मात्र उघडू नका, पॅनेल कागदासारखं वाकतं आणि तडकतं.