परभणीत दोन फुटी टाकीत झेब्रा प्लेको जगेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: घर परभणीत, टाकी दोन फुटांची, पाणी बोअरचं, आणि झेब्रा प्लेको हा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा छोटा मासा पाळायची फार इच्छा. मे महिन्यात तो तग धरेल का?

धरेल. मी नांदेडला हेच मासे पाळते, त्यामुळे ऊन दोघांचं सारखंच. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे या माशाला खरा धोका उन्हापेक्षा लाईट जाण्याचा आहे. टाकी त्या हिशेबाने लावा.

हा मासा ब्राझीलमधल्या शिंगू नदीचा, आणि तिथेही फक्त व्होल्टा ग्रांदे नावाच्या मोठ्या वळणावरचा. खडकाळ पात्र, जोराचा प्रवाह, स्वच्छ पाणी आणि तापमान 30 अंशांच्या आसपास. इतर बऱ्याच माशांना 30 अंश जड जातात, याला ते घरचेच आहेत. पण खडकांवरून आदळत येणाऱ्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो, आणि टाकीत नेमका तोच कमी पडतो. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 32 अंशांना सव्वासात. त्याच वेळी मासा आणि फिल्टरमधले घाण पचवणारे जिवाणू, दोघांचीही ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. अशात दुपारी दोन-तीन तास भारनियमन झालं आणि पाणी हलायचं थांबलं, की टाकी गुदमरते. म्हणून एअर पंप इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. जेमतेम चार-पाच वॅट खातो, रात्रभर चालेल. त्याला स्पंज फिल्टर जोडला की जिवाणूही जगतात. मोठा फिल्टर आणि वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह तयार करणारा पंप) लाईट आल्यावर चालू होऊ देत.

तरीही पाणी 32 च्या वर जाऊ देऊ नका. झाकण काढून जाळी ठेवा आणि छोट्या पंख्याचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. आपला उन्हाळा कोरडा, त्यामुळे बाष्पीभवन झपाट्याने होतं आणि पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरतं. कोकणातल्या दमट हवेत हा उपाय एवढा लागू पडत नाही. फक्त वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार सगळे मागे राहतात. म्हणून रोजची घट बोअरच्या पाण्याने भरू नका, आरओच्या पाण्याने भरा. हीटर मात्र हवाच. परभणीच्या डिसेंबरातल्या रात्री तुम्हाला मी वेगळ्या सांगायला नकोत.

आता बोअरचं पाणी. शिंगूचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं आहे, आपलं जड. टाकीतच जन्मलेले मासे थोडा जडपणा चालवून घेतात, पण पिल्लं हवी असतील तर आरओच्या पाण्यात थोडं बोअरचं मिसळून टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) 150 च्या आसपास आणा. जारवाल्याकडून पाणी घेतलंत तरी चालेल, टीडीएस मीटर मात्र स्वतःचा ठेवा. पूर्ण टाकी मात्र निव्वळ आरओने भरू नका, त्यात पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा) कधी कोसळेल याचा नेम नसतो. टँकरच्या पाण्यात टीसीएल (क्लोरीनची) पावडर किती पडली असेल हे कुणी सांगत नाही, तेव्हा ते अँटीक्लोरीन घातल्याशिवाय टाकीत जाता कामा नये.

दगडांकडेही लक्ष द्या. आपल्याकडे घरोघरी शहाबादी फरशीचे तुकडे पडलेले असतात आणि गुहा करायला तेच हाताशी येतात. ती फरशी चुनखडीची असते, पाणी आणखी जड करते. नदीतला काळा दगड चालतो. शंका असेल तर वर थोडं टॉयलेट क्लिनर टाकून बघा, फेस आला तर तो दगड बाहेरच ठेवा. फेस आला नाही तर आधी भरपूर पाण्याने धुवा, मगच टाकीत घाला. गुहांसाठी मी कुंभाराकडून बिनरंगाच्या भाजक्या नळ्या करून घेते, एका टोकाला बंद, आत नर जेमतेम मावेल एवढ्या. नर आत बसतो, मादी दहा-पंधरा अंडी घालून निघून जाते आणि पिल्लं आपली आपण फिरू लागेपर्यंत नरच राखण करतो. तो दिवसभर शेपटीने पंखा मारत बसलेला असतो. मला या माशाचं सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच आहे.

हा शेवाळ खाणारा सकर नव्हे. दुकानात काच साफ करायला देतात तो सकर फूटभर वाढतो, आणि लोकांनी सोडून दिल्यामुळे उजनीच्या जलाशयात पोहोचलाय. झेब्रा आठ-नऊ सेंटिमीटरवर थांबतो आणि मुख्यतः मांसाहारी आहे: फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या), आर्टेमिया (इवलेसे खाऱ्या पाण्यातले जीव), बुडणारे प्रथिनयुक्त दाणे. दिवे मालवल्यावर खायला घाला. सोबत हावरे मासे नकोत, हा लाजाळू असल्याने उपाशी राहतो. दोन फुटी टाकीत पाच-सहा पुरे.

कुठून घ्यायचा हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो महत्त्वाचा आहे. व्होल्टा ग्रांदेचं बरंचसं पाणी आता बेलो मोंटे धरणाकडे वळवलं जातं, आणि जगात दुसरीकडे हा मासा निसर्गात नाही. 2022 मध्ये सायटीसच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश झाला. नदीतून पकडलेला मासा कुणी देत असेल तर नको म्हणा. टाकीत पैदास झालेलाच घ्या, विकणाऱ्याकडून लेखी बिल घ्या. सायटीसच्या यादीतल्या जिवंत प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, 2024 पासून त्याचे नियम आहेत. पैसे देण्याआधीच वनविभागाच्या कार्यालयात विचारून कागद पक्के करा.

खरेदी नोव्हेंबर-फेब्रुवारीत करा, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत मासा आणि फिल्टर दोन्ही रुळतील. निवडताना मासा उलटा करून पोट बघा. पोट खपाटीला गेलेला किंवा डोळे आत ओढलेला मासा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, तो सहसा वाचत नाही.