केमो लागू पडतेय की नाही हे लाईटच्या स्कॅनने आधीच कळतं का?

तुमच्या आईच्या दोन केमो झाल्यात, गाठ हाताला तेवढीच लागतेय, आणि लाईटच्या स्कॅनने औषध लागू पडेल का ते आधीच कळतं असं वाचलंत, म्हणून कुठे करून मिळेल विचारताय. मलाही स्तनाचा कॅन्सर झाला होता आणि मी त्या स्कॅनला स्वतः झोपलेय म्हणून लिहितेय.

मी कॅलिफोर्नियात असते, माहेर सांगली. ऑपरेशनच्या आधी केमो ठरली, ते लाल रंगाचं औषध चार वेळा, मग टॅक्सॉल नावाचं दुसरं औषध दर आठवड्याला, बारा वेळा, आणि तेव्हाच एका अभ्यासात येता का विचारलं, मी हो म्हटलं. मॅमोग्रामसारखं दाबणं नाही, सुई नाही. तिथली मुलगी छातीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ठेवायची, त्यावर माझे तीळ उतरवून घेतलेले, तीळ जुळले की पेनने सेंटिमीटरभर अंतरावर ठिपके काढायची आणि एकेका ठिपक्यावर प्रोब, म्हणजे प्रकाश सोडणारं हातातलं यंत्र, टेकवायची. दर वेळी नेमकी तीच जागा मिळावी म्हणून ते तीळ. मग चांगल्या बाजूलाही तसंच, तुलनेसाठी.

तो प्रकाश इन्फ्रारेड असतो, त्यातून गाठीतलं रक्त, ऑक्सिजन, पाणी आणि चरबी मोजतात. कॅन्सरच्या जागी रक्त-पाणी जास्त, चरबी कमी, औषध लागू पडलं की हे उलटं फिरायला लागतं, आणि गाठ आकसायच्या आधी फिरतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतले संशोधक ब्रूस ट्रॉमबर्ग यांच्या गटाने २०११ मध्ये २३ बायकांचं छापलं, पहिल्या केमोच्या दुसऱ्याच दिवशी ज्यांना औषध लागू पडत होतं त्यांच्या गाठीत ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन वाढलेलं, बाकीच्यांचं घटलेलं. पण २०१६ ला अनेक हॉस्पिटलांचा मिळून अभ्यास आला त्यात ६० जणी घेतल्या आणि हिशोबात धरता आल्या ३४. एवढ्यावर कोणी कोणाची केमो बदलत नाही.

माझीही दुसरी केमो झाली आणि गाठ जशीच्या तशी. दादा रोज रात्री सांगलीहून व्हिडिओ कॉल करायचा, "अगं दोनदा विष घेतलंस, गाठ जागची हलली नाही, बंद कर आणि इकडे ये, आठ दिवसांत काढून टाकू." पुढच्या स्कॅनला मी त्या मुलीला म्हटलं आकडा सांग, ती म्हणाली सांगता येत नाही, तुम्हालाही नाही आणि तुमच्या डॉक्टरांनाही नाही, अभ्यासाचा नियम आहे. मी तिथेच रडले. माझंच अंग, माझाच आकडा, आणि मलाच नाही? आज म्हणते बरं झालं. आकडा वाईट निघाला असता तर मी खरंच तिकीट काढलं असतं.

सगळ्या केमो पुऱ्या केल्या. शेवटपर्यंत हाताला कडक लागत होतं, दादा शेवटपर्यंत म्हणत होता फुकट गेलं सगळं. ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला, त्या जागी नुसता व्रण, कॅन्सरची एकही पेशी नाही. बोटाला लागत होता तो व्रण होता, दादा! हे तू अजून कबूल केलेलं नाहीस.

तेव्हा बोटांनी चाचपून केमो बंद करू नका, आणि रिसर्चमधल्या मशीनवरून तर नाहीच. हा स्कॅन रोजच्या उपचारात आलेला नाही, त्याच्यामागे धावण्यात आईचे दिवस घालवू नका, मधली सोनोग्राफी किंवा एमआरआय कधी ते डॉक्टरांना विचारा.

माझं झालं तसं सगळ्यांचं होतं असं नाही, उलटंही होतं, गाठ हाताला लागेनाशी होते आणि आत पेशी शिल्लक असतात. आणि गाठ वाढतेय वाटलं, त्वचा लाल झाली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. गाठीत क्लिप, म्हणजे जागेची खूण म्हणून टाकतात तो बारीक धातूचा तुकडा, टाकलीय का तेही विचारा. गाठ पूर्ण विरघळली तर सर्जनला जागा त्या क्लिपवरूनच सापडते, टाकली नसेल तर तिसऱ्या केमोच्या आधी विषय काढा.