युकुलेलेच्या बॉडीला आतून तात्पुरता टेकू

अरे, युकुलेलेच्या (चार तारांची छोटी गिटारच म्हण) बाजूच्या पट्ट्या वाकवून साच्यात बसवल्यास ना, मग आतून टेकू दिल्याशिवाय पुढे जाऊच नकोस, कारण दीड-दोन मिमीची पट्टी साच्याला चिकटून राहत नाही, कमरेपाशी, म्हणजे बॉडी मध्ये अरुंद होते तिथे, तर हमखास आत येते. त्यासाठी महागडा स्प्रेडर (पट्ट्या आतून बाहेर ढकलून धरणारं अवजार) कशाला? लाकडाचे दोन ठोकळे घे, बॉडीच्या वळणाप्रमाणे घास, मध्ये थ्रेडेड रॉड (आटे पाडलेली सळई) आणि दोन नट, नट फिरवला की ठोकळे बाहेर सरकतात, झालं काम. ठोकळ्याच्या तोंडावर कॉर्क नाहीतर जुनं चामडं लाव, नाहीतर पट्टीवर वळ उठतो आणि तो पॉलिशनंतर जास्तच दिसतो. आणि दाब फक्त पट्टी साच्याला टेकेल इतकाच, जास्त पिळलंस तर कमरेतच तडा.

ग्लू बाहेर ओघळून टेकूच आत चिकटतो, म्हणून टेकूवर पॅकिंग टेप मार. मेण वगैरे चोळू नकोस, ते लाकडाला लागलं की तिथे पुढे ग्लू धरत नाही.

आता मेन गोष्ट, मागची पाटी लावायच्या आधी टेकू काढायचा. ती लावतानाही आत काही ठेवायचंच असेल तर साउंडहोलमधून, म्हणजे पुढच्या पाटीवरच्या गोल भोकातून, बाहेर येईल एवढंच ठेव, सोप्रानोचं (छोट्या मापाच्या युकुलेलेचं) भोक जेमतेम पाच सेंटीमीटरचं, हात जात नाही रे. मी तर तुकड्यांना दोरा बांधून त्याचं टोक बाहेर सोडतो, दिसायला येडपट आहे पण ओढलं की येतं.