बरणीपेक्षा चिठ्ठी जपा: प्राणिशास्त्राच्या म्युझियममधली नोकरी

तुमचे प्रश्न तीन: एम.एस्सी. प्राणिशास्त्र झालंय, विद्यापीठाच्या विभागात म्युझियम क्युरेटरची कंत्राटी जागा निघाली आहे, तर काम नक्की काय असतं? पुढे काही भवितव्य आहे का? आणि फॉर्मलिनच्या, म्हणजे नमुने टिकवायच्या द्रावणाच्या, वासाची सवय होते का? मी आमच्या विभागाचं म्युझियम एकवीस वर्षं सांभाळते आहे. त्यातली पहिली नऊ 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून, म्हणजे तास घेऊन, पेपर तपासून उरलेल्या वेळात. त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, घरी सांगताना 'प्राणिसंग्रहालयात नोकरी' असं सांगू नका. आमच्या एक मावशी नातवंडांना घेऊन वाघ बघायला आल्या होत्या. दुसरी, तुम्हाला पेंढा भरावा लागणार नाही. ती वेगळी कला आहे, त्यासाठी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात स्वतंत्र केंद्र आहे. तुमच्या वाट्याला येणार बरण्या, कपाटं, रजिस्टर आणि डांबराच्या गोळ्या.

बरणीपासूनच सुरुवात करते, कारण निम्मा वेळ तिथेच जातो. नमुना आधी फॉर्मलिनमध्ये घट्ट करतात. मग पाण्यात धुऊन, टप्प्याटप्प्याने अल्कोहोल वाढवत शेवटी ७० टक्क्यांत कायमचा ठेवतात. वर्ष-दोन वर्षांनी पातळी खाली जाते. शिपाईमामा येतात, वरून ७० टक्केच ओततात, बरणी पुन्हा काठोकाठ. दिसायला झकास, पण उडून गेलंय ते मुख्यतः अल्कोहोल, पाणी मागेच राहिलंय. असं चार-पाच वेळा केलं की द्रावण पातळ होत जातं आणि एक दिवस बेडकाची कातडी बोटाला लागून निघते. म्हणून आधी हायड्रोमीटर, म्हणजे द्रावणाची तीव्रता मोजायची काचेची नळी, बुडवून बघायचं, मग किती तीव्रतेचं ओतायचं ते ठरवायचं. झाकणाच्या घासलेल्या काचेला व्हॅसलीन लावायचं. शंखशिंपले साध्या फॉर्मलिनमध्ये ठेवायचे नाहीत. ते आम्लधर्मी असतं, हळूहळू कवच खातं, टाकणखार घालावाच लागतो. आणि स्पिरिटसाठी, म्हणजे याच अल्कोहोलसाठी, राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना आणि थेंबाथेंबाचा हिशोब. 'मॅडम, एवढं स्पिरिट जातं कुठे?' हा विनोद तुम्हाला दर वर्षी ऐकावा लागेल.

हे सगळं सहा महिन्यांत येतं. खरं काम चिठ्ठीचं.

माझ्या डोळ्यांदेखत झालेली गोष्ट सांगते, विभागाचं नाव नको. तपासणी समिती येणार होती. कुणाच्या तरी मनात आलं, पिवळट चिठ्ठ्या बऱ्या दिसत नाहीत. दोन दिवसांत शंभरेक बरण्यांवरची जुनी लेबलं ब्लेडने खरवडली, आतल्या चिठ्ठ्या चिमट्याने काढल्या आणि संगणकावर सुबक अक्षरात नवी लेबलं छापून लावली: 'बेडूक', 'सरडा', 'साप, बिनविषारी'. समिती खूश. जुन्या चिठ्ठीवर होतं काय? ठिकाण, तारीख, कुणी पकडला, रजिस्टरमधला क्रमांक. ते कचऱ्याच्या डब्यात गेलं. वर जी नवी चिठ्ठी आत टाकली ती लेझर प्रिंटरची. वर्षभरात शाई कागदावरून सुटली आणि बरणीच्या तळाला काळ्या टिकल्यांसारखी अक्षरं साचली. मी तेव्हा नवी होते, 'थांबा' म्हणायची हिंमत झाली नाही. त्यातल्या अकरा बरण्यांची ओळख नंतर जुन्या रजिस्टरवरून पटवता आली. बाकीचे आज नुसते बेडूक आहेत.

म्हणून चिठ्ठी पेन्सिलीने किंवा पक्क्या काळ्या शाईने, चांगल्या सुती कागदावर, बरणीच्या आत. जुनी चिठ्ठी चुकीची असली तरी काढायची नाही, नवी तिच्या शेजारी ठेवायची. आमच्याकडे एका बेडकाच्या बरणीत तीन चिठ्ठ्या आहेत. सर्वांत जुनीवर 'राना टायग्रिना' हे त्याचं जुनं शास्त्रीय नाव, मधे एक दुरुस्ती, वर आजचं 'होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस'. बेडूक तोच.

चिठ्ठी खोटी असली तर काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या खानदेशातलंच आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड. जगभरच्या संग्रहांत मिळून त्याची जेमतेम सात कातडी. १८८४ नंतर कुणाला दिसला नव्हता, एक नोंद सोडून: रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला मिळवलेलं कातडं. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या पक्षितज्ज्ञांनीही त्याचा शोध घेतला, सापडला नाही. पुढे अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ते कातडं बारकाईने तपासलं. पुन्हा भरलेलं, पुन्हा शिवलेलं. पण मूळ तयार करणाऱ्याची पद्धत आतून पुरती पुसली गेली नव्हती. तो पक्षी १८८० च्या दशकात खानदेशात सनदी अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसनचा निघाला. लंडनच्या संग्रहातून चोरून त्यावर नवी चिठ्ठी बांधली होती. मांडवी बाद झाल्यावर खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं तेवढी उरली. त्यांचा माग काढत रासमुसेन आणि सहकारी सातपुड्याच्या पायथ्याला आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला. एकशेतेरा वर्षांनी! मी दर वर्षी पहिल्या तासाला हे सांगते. मुलं घुबडाचा फोटो मागतात, मी डेव्हिडसनने घातलेल्या शिवणीच्या टाक्यांबद्दल बोलत बसते.

धोक्यांचं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. जुन्या भरलेल्या प्राण्यांना उघड्या हाताने शिवू नका; कातड्याला आतून आर्सेनिकचा साबण चोळायची पद्धत होती. हातमोजे घाला आणि नंतर हात धुवा. फॉर्मलिन माणसात कर्करोग घडवणारं ठरलेलं आहे, तेव्हा बंद खोलीत काम करायचं नाही. कोरड्या नमुन्यांना पावसाळ्यात बुरशी येते आणि कातडं खाणारे डर्मेस्टिड भुंगेरे लागतात. फुलपाखराच्या पेटीत टाचणीखाली भुकटी दिसली की समजायचं, आत कुणीतरी जेवतंय. पेटी प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दोन आठवडे उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये. गंमत म्हणजे सांगाडे साफ करायला हेच भुंगेरे मुद्दाम पाळतात, फक्त दुसऱ्या खोलीत, दार लावून.

कायद्याचंही ऐका. रस्त्यात मेलेला पक्षी मिळाला म्हणून उचलून फ्रीझरमध्ये टाकता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो सरकारी मालमत्ता असतो, वनविभागाला कळवावं लागतं. २०१४ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, पदवी आणि पदव्युत्तर वर्गांतलं प्राण्यांचं विच्छेदन थांबवलं. त्यामुळे आता मुलांना खरा प्राणी आतून बघायचा तर आमच्या बरण्याच. नवा नमुना मिळणं अवघड, जुना फुटला तर बदली नाही.

भवितव्याचं खरं सांगू? विद्यापीठांत क्युरेटरची कायम पदं फार थोडी. बहुतेक ठिकाणी एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात हे काम पडतं. कंत्राटाची जागा घ्या, पण तिच्या भरवशावर राहू नका. एक गट धरा, गोगलगायी, कोळी, मासे, काहीही, आणि तो इतका शिका की बाहेरचे लोक ओळख पटवायला तुमच्याकडे नमुने पाठवतील. मुंबईला बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा) संग्रह आणि पुण्याजवळ आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे. तिथे ओळख काढून चार दिवस नुसती कपाटं कशी लावली आहेत ते बघून या. संग्रहालयशास्त्राची पदवी हवी असेल तर बडोदा. रुजू होण्याआधी एक गोष्ट मात्र विचारून घ्या: मूळ नोंदवही कुठे आहे? 'असेल कुठेतरी' असं उत्तर आलं, तर पहिलं वर्ष ती शोधण्यातच जाणार. आमची मला स्टोअररूममध्ये सापडली, एका मोडक्या सूक्ष्मदर्शकाच्या खोक्याखाली.

वासाचं विचारलंत. नाकाला सवय होते, आणि ती चांगली गोष्ट नाही, कारण मग गळती कळत नाही. घरच्यांना मात्र होत नाही. बरण्या बदलायच्या दिवशी मी जुना सुती ड्रेस घालते आणि घरी आल्यावर थेट बाथरूममध्ये जाते. तरी आमचं मांजर त्या दिवशी माझ्या मांडीवर बसत नाही.