लेकराच्या पोटात लसिकेची गाठ आहे, सोयाबीन निघेपर्यंत थांबलं तर चालेल का?

तुमचं लेकरू चार वर्षांचं. सोनोग्राफीत आतड्याच्या पडद्यात लसिकेच्या, म्हणजे अंगातल्या पाण्यासारख्या द्रवाच्या, कप्प्यांची आठ सेंटिमीटरची गाठ दिसली. कॅन्सर नाही, पण लहान मुलांच्या सर्जनला दाखवा असं सांगितलंय. दारव्ह्याहून नागपूरला सोयाबीन काढून झाल्यावर जावं का, हा तुमचा प्रश्न.

दुखणं-उलटी नसेल तर ऑपरेशनची तारीख थोडी मागेपुढे होऊ शकते, पण ते सर्जनने ठरवायचं. दाखवायला याच आठवड्यात जा.

अशा गाठी जन्मजात असतात. धोका आहे तो जागेचा. लहान आतडं एका पातळ पडद्याला लटकलेलं असतं आणि त्याच्या रक्तवाहिन्याही त्याच पडद्यातून जातात. गाठीच्या वजनानं तिथे पीळ पडला की रक्त बंद होतं आणि काही तासांत आतडं काळं पडतं. तेवढा तुकडा मग कापूनच काढावा लागतो. पिळाची मुख्य खूण लक्षात ठेवा: पालकाच्या रसासारखी हिरवी उलटी. सोबत लेकरू पाय पोटाशी घेऊन कळवळतं. रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ बोलवा, आणि तोंडावाटे पाणीसुद्धा देऊ नका. थेट नागपूरचा हट्ट नको, आधी यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज गाठा. सलाईन आणि नाकातली नळी तिथेच लागू द्या.

गाठीत रक्तस्राव झाला तर पोट एकाएकी फुगतं, लेकरू पांढरंफटक पडतं. तेव्हाही तीच घाई करा. गाठ पिकली तर ताप येतो, पोटाला हात लावू देत नाही. हे अपेंडिक्ससारखंच दिसतं, म्हणून सोनोग्राफीचा कागद आधी डॉक्टरच्या हातात द्या. शिरेतून अँटिबायोटिक लागतं. औषधाच्या दुकानातल्या गोळ्यांवर दिवस काढू नका.

पोट चोळून घेऊ नका. मेळघाटात फुगलेल्या पोटावर डंबा, म्हणजे तापल्या लोखंडाचे चटके देतात, तसले डाग तर अजिबात नको. गाठ तशीच राहते आणि लेकराला भाजल्याची जखम होते. नुसतं सुईनं पाणी काढलं तर ते पुन्हा भरतं, वरून जंतू शिरायची भीती.

या जागेची गाठ बहुधा ऑपरेशननं काढतात. पूर्ण निघाली तर परत यायची शक्यता कमी. मोठ्या कप्प्यांत औषध टोचूनही आकसवता येते. फार पसरलेली असेल तर सिरोलिमस नावाचं औषध देतात. ते चालू असताना रक्ततपासण्या लागतात आणि गोवर-रुबेलासारखी लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही.

जाताना रेशनकार्ड, दोघांचं आधार आणि सोनोग्राफीची फिल्म घ्या. ऑपरेशन सरकारच्या महात्मा फुले मोफत उपचार योजनेत बसतं का, ते भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा. तोवर दर रविवारी सकाळी, उपाशीपोटी, बेंबीवरून टेपनं पोट मोजून वहीत लिहा.